पैठण एका दिवसात: कुठून सुरुवात, काय वगळावं, काय चुकतं?

ओलांडा (धागाकर्ता)

जानेवारीत तीन दिवस छत्रपती संभाजीनगरला मुक्काम आहे. दोन दिवस वेरूळ, देवगिरी आणि मकबरा यांत जातील. तिसरा दिवस पैठणसाठी मोकळा ठेवला आहे. सोबत वडील (७६), आई (७१) आणि नववीतली मुलगी. स्वतःची गाडी नाही.

१) एसटीने जावं की गाडी ठरवावी?
२) सातवाहनांची राजधानी म्हणून मुलीला दाखवण्यासारखं प्रत्यक्ष काय आहे? जालावर फोटो दिसतात ते बहुतेक मंदिर, धरण आणि साड्यांचे.
३) एकनाथ महाराजांची नाथमंदिरं दोन आहेत असं वाचलं. नेमकं कुठे जायचं?
४) पैठणी घ्यायची की नुसती बघायची?

"खूप छान आहे, नक्की जा" याच्या पुढची माहिती हवी आहे. आधीच आभार.

---

गोदाकाठ

पहिली गोष्ट म्हणजे पैठणला अजिंठा-वेरूळसारखं तिकीट काढून आत शिरायचं, बघायचं आणि बाहेर यायचं असं एक ठिकाण नाही. गाव जुन्या पांढरीवरच, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडावरच, वसलेलं आहे. लोक राहतात, भांडी घासतात, दशक्रिया करतात, साड्या विणतात, आणि खाली दोन हजार वर्षांचे थर आहेत. हे मनात धरून गेलात तर दिवस सत्कारणी लागतो. नाहीतर "काहीच नव्हतं" म्हणत लोक अकरा वाजता परतीची गाडी पकडतात.

जाणं. अंतर सुमारे ५० किलोमीटर. मध्यवर्ती बसस्थानकातून पैठणच्या गाड्या दिवसभर असतात. बिडकीन, ढोरकीन करत दीड तास धरा. रस्त्याचं चौपदरीकरण आणि शहराच्या नव्या जलवाहिनीचं काम यांमुळे या रस्त्यावर वेळेचा अंदाज चुकतो, शिवाय बिडकीन औद्योगिक पट्ट्यात पाळी सुटायच्या वेळी गर्दी होते. सकाळी सातच्या आत निघालात तर दोन्हींतून सुटका. एसटीत ७५ च्या पुढच्यांना प्रवास मोफत आणि महिलांना अर्धं तिकीट आहे, म्हणजे चौघांत पूर्ण तिकीट तुमचं एकट्याचंच, आणि लेकीचं वय बाराच्या पुढे असलं तरी तिलाही सवलत. वडिलांचं मूळ आधारकार्ड जवळ ठेवा. मोबाइलमधल्या फोटोवरून वाहकाशी वाद घालण्यात अर्थ नाही.

तरीही तुमच्याबाबतीत भाड्याची गाडी बरी, कारण पैठणमधली ठिकाणं एकमेकांपासून पायी अंतरावर असली तरी जायकवाडी धरण आणि ज्ञानेश्वरांचं आपेगाव यांचं तसं नाही. गाडी ठरवताना "पैठण दर्शन" असं मोघम ठरवू नका. समाधी मंदिर, गावातला वाडा, नागघाट, पैठणी केंद्र, धरणाचा परिसर आणि हवं तर आपेगाव अशी नावं घेऊन ठरवा. आणि साडीच्या दुकानात नेणार नाही, हेही आधीच बोलून घ्या.

क्रम. सकाळी आधी नदी, मग गाव, ऊन चढलं की छताखालची ठिकाणं. उलट केलंत तर दुपारी एक वाजता तापलेल्या घाटावर आईवडिलांना उभं करावं लागेल. जानेवारीतही मराठवाड्याचं दुपारचं ऊन लागतं.

गाडी जुन्या गावात नेऊ नका. बोळ एवढे अरुंद आहेत की समोरून हातगाडी आली तरी मागे जावं लागतं. बाहेर लावून चालत आत जा, ज्येष्ठांसाठी रिक्षा करा.

---

पांढरीची_माती

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सविस्तर देतो, कारण इथंच लोकांची निराशा होते.

सातवाहनांचा राजवाडा, तटबंदी, दरबार असं जमिनीवर उभं काही नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ग्रीक व्यापारी मार्गदर्शिकेत भडोचपासून दक्षिणेकडे वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे आपलं तेर, असा उल्लेख आहे. पैठणहून मौल्यवान दगड गाड्यांतून भडोचला जायचा आणि तिथून जहाजांनी बाहेर. ग्रीक भूगोलकार टॉलेमीनेही हे सातवाहन राजा पुळुमावीचं नगर म्हणून नोंदवलं. म्हणजे राजधानी इतकंच हे व्यापाराचं ठाणं होतं, आणि व्यापाराच्या खुणा दगडी इमारतींत सापडत नाहीत, त्या मातीत सापडतात: मणी, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे, नाणी, पांढऱ्या चिकणमातीच्या साच्यातल्या मूर्ती, खापरं.

मग मुलीला काय दाखवायचं?

एक, टेकाड. नदीकडून गावाकडे चढताना पायाखालची जमीन उंचावत जाते. ही टेकडी निसर्गाने केलेली नाही, माणसांनी केली आहे. मातीची घरं पडली, सपाट केली, त्यावर पुन्हा बांधली, असं शतकानुशतकं. घाटाच्या वरच्या बाजूला, विशेषतः पावसाने कापलेल्या घळीत, मातीच्या उभ्या कापावर हे थर स्पष्ट दिसतात: राखेचा करडा पट्टा, लालसर विटांचा चुरा, मध्ये खापरांची ओळ. शाळेत "स्तर" म्हणून जे शिकवतात ते हे.

दोन, विटा. सातवाहन काळातली वीट आजच्या विटेच्या जवळजवळ दुप्पट लांब असते, साधारण पंधरा-सतरा इंच, रुंद आणि चपटी. जुन्या भिंतींच्या पायथ्याशी अशा विटा पुन्हा वापरलेल्या दिसतात. मुलीकडे पट्टी द्या आणि मोजायला सांगा. तिला भाषणापेक्षा हे लक्षात राहील.

तीन, नागघाटाचा परिसर. १९९० च्या दशकात इथं झालेल्या उत्खननात विटांच्या प्राचीन मंदिरांचे अवशेष मिळाले. त्याआधी १९३७ मध्ये हैदराबाद संस्थानच्या काळातही पैठणला उत्खनन झालं होतं. खड्डे नंतर बुजवतात, कारण उघडी वीट पावसाने झिजते. त्यामुळे "उत्खनन कुठे आहे?" असं विचारत फिरू नका, बघायला खड्डा नाही.

चार, तीर्थखांब. कोरीव दगडी स्तंभ आहे, थरांच्या कोरीवकामासाठी बघाच. स्थानिक लोक या भागाबद्दल "पालथी नगरी" म्हणजे उलटी झालेली नगरी अशी कथा सांगतात. कथा म्हणून ऐका. टेकाड खणलं की घराखाली घर निघतं, त्यातून ती जन्मली असावी असं मला वाटतं.

पाच, बाळासाहेब पाटील शासकीय पुराणवस्तू संग्रहालय. पैठणच्या एका हौशी संग्राहकाने गोळा केलेल्या वस्तूंचं हे संग्रहालय आहे. मणी आणि मृण्मूर्ती आधी इथं बघितल्या तर टेकाडावरची खापरं बोलू लागतात. शासकीय संग्रहालयं सहसा सोमवारी बंद असतात, तेव्हा सोमवार टाळा.

एक ताकीद. खापर किंवा मणी दिसला तर तिथंच ठेवा. प्राचीन स्थळावरची वस्तू उचलणं कायद्याने गुन्हा आहे, आणि अभ्यासाच्या दृष्टीनेही जागा सुटली की त्या तुकड्याची किंमत शून्य होते. घाटावर कुणी "सातवाहनांचं नाणं" दाखवलं तर घेऊ नका. खरं असेल तर विक्रीला परवाना लागतो, आणि परवाना नसलेल्याकडचं बहुधा खरं नसतं. सातवाहनांची नाणी मुख्यतः शिसं, पोटीन (एक मिश्रधातू) आणि तांब्याची. चकचकीत पिवळं, हत्तीची सोंड ठसठशीत उठावाची असं नाणं हातात आलं की समजा, साचा गेल्या वर्षीचा आहे.

---

भटकभवानी

मी तर म्हणेन सकाळी पैठण, दुपारी वेरूळ. एका दिवसात होतं.

---

गोदाकाठ

भवानीताई, होतं म्हणजे चाकं फिरतात. पैठण शहराच्या दक्षिणेला, वेरूळ वायव्येला. ५० अधिक ३० किलोमीटर, मध्ये शहराची कोंडी. कैलास लेण्यात पोचेपर्यंत तीन वाजतील आणि पश्चिमेचं ऊन खांबांवर येईल ते बघायला तुमच्याकडे तासभर उरेल. शिवाय वेरूळ मंगळवारी बंद आणि पैठणचं संग्रहालय सोमवारी, या दोन्हींत तारीख अडकली की सगळंच फसतं. धागाकर्त्यांनी दोन दिवस वेरूळ-देवगिरीला दिलेच आहेत, तसंच राहू द्या.

---

कांडी_धोटा

पैठणीचं मी सांगते.

विकत घ्यायची असो वा नसो, माग चालू असताना बघणं सोडू नका. शासकीय महामंडळाच्या पैठणी केंद्रात माग आहेत, गावातही विणकर आहेत. माग रिकामा असेल तर थांबा, चालू दिसला की काय बघायचं ते असं:

विणकर पदर विणतो तेव्हा एकच धोटा (आडवा धागा नेणारी नळी) या कडेपासून त्या कडेला सरळ जात नाही. नक्षीतल्या प्रत्येक रंगासाठी वेगळी छोटी कांडी असते, आणि एका मोराच्या अंगावर अशा पाच-सात कांड्या लोंबत असतात. हिरव्याची हद्द संपली की हिरवी कांडी शेजारच्या लाल किंवा जरीच्या धाग्यात अडकवून मागे वळते. म्हणून रंगांच्या मध्ये फट राहत नाही आणि मागच्या बाजूला लोंबते धागे उरत नाहीत. यामुळेच अस्सल पदर सुलट-उलट दोन्हीकडून सारखा दिसतो. दिवसभरात पदर बोटभर ते वीतभर पुढे सरकतो, नक्षी किती दाट त्यावर.

काठाचंही तसंच. कडियाल पद्धतीत काठाचा बाणा (आडवा धागा) वेगळा आणि अंगाचा वेगळा, तीन धोटे चालतात, आणि जोडावर धागे एकमेकांत गुंततात. त्यामुळे अंग जांभळं आणि काठ शुद्ध हिरवा असं होऊ शकतं. एकधोटीत एकच धोटा, म्हणून अंगाच्या रंगाची झाक काठात उतरते.

दुकानात तपासायचं ते:

पदर उलटा करा. मागे कापलेल्या धाग्यांची लव किंवा जाळीचं अस्तर दिसलं तर जॅकार्डवरची (नक्षी आपोआप उठवणाऱ्या मागावरची) किंवा यंत्रमागाची. अस्तर "धागे अडकू नयेत म्हणून" लावलंय असं सांगतील. अस्सल पदराला ते लागतच नाही.

नक्षी नीट बघा. हातमागाच्या पदरातले दोन मोर हुबेहूब सारखे नसतात, कुठेतरी एखादा धागा इकडेतिकडे असतोच. पिसारा पिसाऱ्याशी शंभर टक्के जुळला तर शंका घ्या.

जरीचं सुटं टोक नखाने खरवडा. तांबूस दिसलं तर तांब्यावरची जरी, पांढुरकं दिसलं तर चांदीची असण्याची शक्यता. दोन्ही विकल्या जातात आणि तांब्याची घेण्यात गैर काही नाही, फक्त चांदीचा दाम देऊ नका. पावतीवर जरीचा प्रकार लिहून मागा. दुकानदार लिहायला कां-कूं करत असेल तर उत्तर मिळालं.

रेशमासाठी सिल्क मार्कचं लेबल बघा. सुटा धागा जाळून बघायची परवानगी मिळाली तर रेशमाला केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांत चुरते. गोळी होऊन कडक राहिली तर पॉलिएस्टर.

पाच-सहा हजारांत "हातमागाची, शुद्ध रेशीम, पूर्ण पदर" असं एकत्र मिळत नाही. साधा नारळी काठ आणि छोटा पदर यालाही विणकराचे आठवडे जातात. बांगडी मोर, आसावली, मुनिया, कमळ यांनी भरलेला मोठा पदर असेल तर महिने. त्या मजुरीचा हिशेब मनात केला की भाव आपोआप कळतो.

आणखी एक. येवल्याची पैठणी म्हणजे नकली, असं पैठणमध्ये कुणी सांगितलं तर हसून सोडून द्या. आज सर्वाधिक माग येवल्याकडे आहेत आणि पद्धत तीच आहे. भौगोलिक मानांकनही पैठणी या वाणाला आहे. पैठणला घ्यायचं कारण म्हणजे माग समोर बघून घेता येते, एवढंच. पण ते एवढंही पुरेसं आहे.

---

ओलांडा

कांडीताई, हे फारच उपयोगी. ठेवायची कशी तेही सांगून टाका.

---

कांडी_धोटा

मलमलच्या किंवा सुती जुन्या धोतराच्या कापडात गुंडाळून. प्लास्टिकच्या पिशवीत अजिबात नको, दमट हवा कोंडली की जरी काळी पडते. डांबरगोळी साडीला लागून ठेवू नका, अत्तर थेट जरीवर मारू नका. तीनचार महिन्यांनी घडी मोडून दुसरीकडून घाला, नाहीतर त्याच ओळीवर रेशीम चिरतं. हँगरला लटकवून ठेवली तर जड पदर अंगाला ओढतो.

---

शांतिब्रह्म

तिसरा प्रश्न राहिला. दोन जागा, दोन्ही नाथांच्या, आणि दोन्ही वेगळ्या.

गावातला नाथवाडा म्हणजे एकनाथ महाराजांचं राहतं घर. आज मंदिर आहे, पण रचना वाड्याचीच. इथं नाथांच्या पूजेतला विजयी पांडुरंग आहे. श्रीखंड्याने, म्हणजे नाथांघरी चाकर होऊन राहिलेल्या देवाने, पाणी भरलं तो रांजण आहे, चंदन उगाळायची सहाण आहे. बाहेरचं समाधी मंदिर गोदावरीच्या काठी. नाथांनी शके १५२१ मध्ये फाल्गुन वद्य षष्ठीला देह ठेवला, तिथलं हे मंदिर. प्रांगण मोठं, बसायला जागा, ज्येष्ठांना सोयीचं. रिक्षावाल्याला नुसतं "नाथमंदिर" म्हणालात तर तो बाहेरच्या मंदिरात सोडतो. वाड्यात जायचं असेल तर "गावातलं नाथमंदिर" म्हणा.

वेळ कमी असेल तर लोक समाधीचं दर्शन घेऊन परततात आणि वाडा राहून जातो. माझ्या मते उलटं करावं. समाधी मंदिर भव्य आहे, पण पैठण कळतं ते वाड्यात. देवघर, ओसरी, चौक, आणि बाहेर पडलं की लगेच बोळ आणि शेजाऱ्याचं दार. जातीपातीच्या भिंती ओलांडणारी माणसं कुठल्या दाटीवाटीत राहत होती ते तिथं उभं राहिलं की समजतं.

रांजणाची रीत चालू आहे. तुकाराम बीजेला रांजणाची पूजा होते आणि भाविक गोदावरीचं पाणी आणून ओतायला लागतात. षष्ठीपर्यंत तो भरून वाहिला की देव येऊन गेला असं मानतात. षष्ठीला नाथवंशजांची दिंडी, पुढे छबिना, आणि अष्टमीला काल्याची दहीहंडी. षष्ठीला पंचपर्व म्हणतात, कारण गुरू जनार्दनस्वामींच्या आणि नाथांच्या आयुष्यातल्या पाच घटना याच तिथीच्या मानल्या जातात.

पण गाव बघायला षष्ठीत जाऊ नका. लाखो वारकरी येतात, वाहनं गावाबाहेर थांबवतात, वाळवंटात दिंड्यांच्या राहुट्या पडतात. वारी म्हणून जायचं तर जा, तो अनुभव वेगळाच. ज्येष्ठांना घेऊन विटा मोजायला मात्र तो आठवडा नव्हे. एकादशीलाही गर्दी असते. तुमचा जानेवारी ठीक आहे, फक्त पंचांग बघून एकादशी टाळा.

दुपारी नैवेद्याच्या वेळी गाभारा थोडा वेळ बंद असतो, तेव्हा वाडा साडेअकराच्या आत उरकावा.

---

बाभूळबन

राम राम. घाटाचं कुनी बोललं नाही म्हनून सांगतो. नागघाट, गंगेचा घाट इथं सकाळी दशक्रिया, अस्थिविसर्जन चालू असतंय. आजूबाजूच्या चार जिल्ह्यांतून लोक येतेत. केस काढायलेत, पिंड ठेवायलेत, कावळ्याची वाट बघत बसलेत. तेवढ्यात पर्यटक मोबाइल काढून उभा राहतो, ते बरं दिसत नाही. फोटो नदीचा काढा, मानसांचा नको. पायऱ्या शेवाळलेल्या असतेत, म्हाताऱ्या मानसांनी वरूनच दर्शन घ्यावं. ज्ञानेश्वरांनी रेड्यामुखी वेद वदवले ती जागा नागघाटावरच सांगतेत, रेड्याची मूर्ती हाय, पोरीला दाखवा.

जेवायचं म्हनाल तर मंदिराजवळ साधी थाळी भेटती. भाकरी-पिठलं-ठेचा पाहिजे तर थोडं आधी सांगून ठेवायचं, भाकरी गरम थापून देतेत. धरनाकडं नाथसागराचे मासे तळून भेटतेत, खात असाल तर.

---

पाणलोट

बाभूळबन यांच्या घाटाच्या मुद्द्याला जोड, कारण यात जीवाचा प्रश्न आहे.

जायकवाडी धरण पैठणच्या डोक्यावर, अगदी वरच्या अंगाला आहे. सुमारे दहा किलोमीटर लांबीचा मातीचा बांध, २७ दरवाजे. पायाभरणी १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते, लोकार्पण १९७६ मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते. एकूण साठा १०२ टीएमसी, त्यातला उपयुक्त सुमारे ७७. म्हणजे घाटावर दिसणारी गोदावरी ही हंगामाची नदी राहिलेली नाही, दरवाज्यांची नदी आहे. विसर्ग नसेल तर पात्रात खडक आणि डबकी, फारतर खालच्या आपेगाव बंधाऱ्याचा फुगवटा. विसर्ग सुरू झाला की थोड्या वेळात घाटाच्या खालच्या पायऱ्या पाण्याखाली. २००६ च्या ऑगस्टमधल्या विसर्गात पैठणमध्ये पाणी शिरलं होतं.

पुढील पावसाळ्यात कुणी हा धागा वाचून जाणार असेल तर: ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात नाशिककडे मोठा पाऊस झाला की दोन-तीन दिवसांनी इथं पाणी सोडायची वेळ येते. इथं आकाश निरभ्र असलं तरीही. भोंगा वाजला की पात्रातून वर या, "पाणी कुठं दिसतंय" म्हणत थांबू नका. जानेवारीत हा धोका नाही.

धरणाच्या भिंतीवर मनाला येईल तसं जाता येत नाही, सुरक्षेचं बंधन असतं. पायथ्याचं संत ज्ञानेश्वर उद्यान म्हैसूरच्या वृंदावन बागेच्या धर्तीवर केलेलं, पण अनेक वर्षं ते बंद-चालू राहिलं आहे. उद्यानासाठी म्हणून दिवस आखू नका. निघण्याआधी पैठणमध्ये कुणालाही विचारा, चालू असेल तर संध्याकाळचा तास द्या.

पक्षी बघायचे असतील तर जानेवारी उत्तम. नाथसागर, म्हणजे धरणाचा जलाशय, १९८६ पासून अभयारण्य आहे. पाणी ओसरून उथळ काठ उघडे पडतात तिथं चक्रवाक, पट्टकादंब आणि कधी रोहित (फ्लेमिंगो) दिसतात. पहाटे जावं लागतं, दुर्बीण लागते, आणि तुमच्या बाकीच्या बेताशी हे जुळत नाही. पक्षी धरायचे तर वेगळा दिवस काढा.

जाता जाता, तुम्ही शहरात ज्या हॉटेलात अंघोळ कराल ते पाणीही इथूनच गेलेलं असेल.

---

शकसंवत

एक दुरुस्ती. पैठणला गाइड सांगतात की शालिवाहन राजाने मातीच्या पुतळ्यांत प्राण फुंकून सैन्य केलं, विक्रमाला हरवलं आणि इ.स. ७८ मध्ये शक सुरू केला. लोककथा म्हणून झकास. पण सातवाहनांच्या स्वतःच्या लेखांत हा शक येत नाही, ते राजाच्या राज्यवर्षांत काळ मोजतात. शक हा त्यांच्या शत्रूंचा, पश्चिम क्षत्रपांच्या परंपरेत चाललेला, आणि त्याला शालिवाहनाचं नाव कित्येक शतकांनी चिकटलं. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने क्षत्रप राजा नहपानाला हरवलं याचा पुरावा मात्र पक्का आहे: नाशिकजवळ जोगळटेंभी इथं सापडलेल्या हजारो चांदीच्या नाण्यांवर नहपानाच्या छापावरच सातकर्णीचा छाप मारलेला आहे.

---

बाभूळबन

मातीच्या पुतळ्यांची गोष्ट काढून टाकू नका हो, पोरांना तीच आवडती.

---

पांढरीची_माती

दोन्ही सांगा. आणि पांढऱ्या मातीच्या मूर्ती संग्रहालयात दाखवताना ही गोष्ट सांगितली तर मुलगी स्वतःच विचारेल की इथं मातीच्या पुतळ्यांचीच कथा का जन्मली असेल.

शकसंवत यांच्या मुद्द्याला एक पुरवणी. पितळखोऱ्याच्या लेण्यात खांबावर दान देणाऱ्याचं नाव आहे, प्रतिष्ठानचा (पैठणचं जुनं नाव) गंधिक, म्हणजे अत्तर-सुगंधी द्रव्यांचा व्यापारी. राजाचा वाडा शिल्लक नाही, पण पैठणच्या अत्तरवाल्याचा खांब डोंगरात उभा आहे.

---

ओलांडा

सगळं वाचून असा बेत केलाय, चूक असेल तर सांगा. ७ ला निघणं, साडेआठला नागघाट वरूनच, मग टेकाड आणि तीर्थखांब (मी आणि मुलगी), तोवर आईवडील समाधी मंदिराच्या प्रांगणात. साडेदहाला वाडा. मग जेवण, संग्रहालय, पैठणी केंद्र. चारला आपेगाव करून परत.

---

गोदाकाठ

बेत बरा. दोन बदल करा. आईवडिलांना समाधी मंदिरात आधी सोडा आणि मग घाटाकडे जा, म्हणजे त्यांना दोनदा चढउतर नको. आणि पैठणी केंद्र जेवणाआधी घ्या. विणकर जेवायला उठले की तासभर माग थांबतात, आणि तुम्ही नेमके तेव्हाच पोचाल. कामाची साप्ताहिक सुटी कधी ते आदल्या दिवशी फोन करून विचारा.

आपेगाव बारा-पंधरा किलोमीटर खाली, गोदेकाठी, ज्ञानेश्वरांच्या घराण्याचं गाव. शांत आहे, पायऱ्या कमी. पण चारला पोचाल असा हिशेब ठेवा, चारला निघू नका. तिथून परत पैठणवरून शहरात यायला अंधार होतो आणि बिडकीनजवळ कामाच्या वळणरस्त्यांवर रात्री खड्डे दिसत नाहीत.

---

शांतिब्रह्म

पैठणमध्ये जैनांचं मुनिसुव्रतनाथ अतिशय क्षेत्र (तीर्थस्थान) आहे, विसाव्या तीर्थंकरांची वालुकामय काळी मूर्ती. वाड्यापासून वेळ उरला तर घ्या. शनि अमावास्येला मात्र तिथं मोठी गर्दी असते.

---

भटकभवानी

वेरूळचं मागे घेते. पण मुंगी कुणी घेतलं नाही? "मुंगी-पैठण" म्हणतात ना?

---

शकसंवत

मुंगी समोरच्या काठावर, अहिल्यानगर जिल्ह्यातल्या शेवगाव तालुक्यात. पालखेडला निजामाची कोंडी केल्यावर मार्च १७२८ मध्ये बाजीरावांशी तह झाला तो याच मुंगी-शेवगावचा. बघायला खास काही उभं नाही. पुण्याहून शेवगावमार्गे येणाऱ्यांना वाट वाकडी करता येईल, संभाजीनगरहून येणाऱ्यांनी त्यासाठी नदी ओलांडू नये.

---

ओलांडा

ठरलं. मंगळवार धरलाय: सोमवार नाही, एकादशी नाही, आणि वेरूळ बंद असण्याचा तोटाही नाही. पट्टी मुलीच्या दप्तरात टाकली.

---

कांडी_धोटा

पट्टीबरोबर भिंगही टाका. जरीला उपयोगी पडतं, आणि दुकानदार जरा जपून बोलतो.